पेचकस नंबर सात

शेजाऱ्यांचा पेचकस परत केला, असं मी त्यांना खोटंच सांगितलं. तो माझ्या स्कूटरच्या डिकीत होता आणि मला आणायचा कंटाळा आला होता.

हे शेजारी फौजेच्या शस्त्रागारात होते. सकाळी जवानांना पिस्तुलं आणि आखूड कार्बाइन द्यायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या. निवृत्तीनंतर सक्करदऱ्यातल्या घरी त्यांनी प्रत्येक अवजारावर पांढरा नंबर रंगवला. तो मोठ्याने वाचल्याशिवाय हातोडीसुद्धा मिळत नाही.

"मोठी रायफल कोणी इसरत नाही गा," ते सांगत. "पिस्तूल लहान, कुठंही ठेवून देतेत. एक कमी भरलं का साऱ्या कंपनीचं जेवण बंद!"

संध्याकाळी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आल्या. "भाऊ, सात नंबर सापडून नाही राहिला. हे कोणालेच जेवू देत नाही. सासूबाईले वाटते, मीच कुठंतरी हरवला."

मी धावत पेचकस आणला आणि शेजाऱ्यांच्या दारात पुटपुटलो, "नंबर सात."

"मोठ्यानं!" शेजारी म्हणाले. "आत कंपनीले ऐकू गेलं पाहिजे."

मी ओरडलो, "पेचकस नंबर सात, जमा! खोटं मी बोललो, वहिनींचा दोष नाही. माफ करा!"