टिकल्यांची भिंत

कारखान्यांना माणसांशी माणसासारखं वागायला लावणं, हे माझं काम. परदेशी गिऱ्हाइकं माल घेण्याआधी मला पाठवतात. मी कामगारांशी बोलते, काय चुकतंय ते दाखवते आणि दुरुस्त करायला मदतही करते. बडोद्यातले आमचे नातेवाईक याला लोकांच्या कारभारात नाक खुपसणं म्हणतात. खुपसते. नाक आहे कशाला?

बडोद्याजवळ नंदेसरीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात गेले, तेव्हा फाटकाला झेंडूचं तोरण होतं. मॅनेजर मराठी, आमच्यासारख्याच जुन्या बडोदेकर घरातला. त्यानं आधी माहेर विचारलं, मग सासर, दोन्हीकडून ओळख काढली आणि सेव-खमणीची बशी पुढे केली. “ताई, तुम्ही तर घरच्याच. निरांते बसा, आरामात नाश्ता करा.” अशा वेळी मला हमखास राग येतो. ओळख निघाली की अर्धं काम झालं, असं इथे सगळे धरून चालतात.

आत सगळं चकाचक. कामगारांच्या हातात मोजे, घडीसुद्धा न मोडलेले. मागच्या अंगणात मात्र रसायनांचे रिकामे ड्रम उपडे घातले होते आणि शेजारी नळ होता.

“हे कोण धुतं?”

“मशीन.”

“दाखवा की.”

“रिपेरिंगला गेलंय.”

नळामागच्या भिंतीवर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. लाल, मरून, मधेच एक हिरवी. तोंड धुताना बायका अशाच काढून लावतात. माझ्या न्हाणीघरातही आहेत. खिळ्याला पुरुषांचे जुने शर्ट लटकत होते, साडीवरून घालायचे. मी विचारलं, “तुमचं मशीन टिकली लावतं का हो?”

तो हसला. मी हसले नाही. शेवटी फाटकावरच्या वॉचमननं सांगून टाकलं: ड्रम धुणाऱ्या, ठेकेदाराकडच्या बायका सकाळीच कंपनीच्या बसमधून पावागढला गेल्या आहेत, दर्शनाला. नेमकी तपासणीच्या दिवशी साहेबाला देवी आठवली होती.

“मग त्या येईपर्यंत मी थांबते,” मी म्हणाले आणि वॉचमनचं स्टूल ओढून फाटकापाशीच बसले.

जेवायला चला, केबिनमध्ये एसी आहे, ऊन लागेल, मॅनेजरचं सगळं म्हणून झालं. मी हलले नाही. दुपार कलल्यावर त्याच्या आवाजातला गोडवा गेला. “तुम्ही हे लिहिलंत तर ऑर्डर जाईल. पहिल्या घरी बसतील त्या याच बायका. चालेल तुम्हाला?”

ही भीती मला प्रत्येक फाटकावर घालतात. ती अगदीच खोटी नसते, म्हणून जास्त संताप येतो. मी म्हटलं, “ऑर्डर तोडायची असती तर टिकल्या बघूनच परत गेले असते. मोजे द्या, हात धुवायला जागा आणि साबण द्या, डॉक्टर बोलवा. ऑर्डर राहील, ते मी गिऱ्हाइकाशी भांडून बघेन. पण एका जरी बाईला काढलंत, तर ऑर्डर घालवायलाही मीच पुढे असेन.”

तेवढ्यात बस आली. कपाळभर कुंकू लावलेल्या बायका उतरल्या. त्यातली सगळ्यात वयस्कर बाई साहेबाला बघून थेट पुढे आली. पदराची गाठ सोडून तिनं खोबऱ्याचे तुकडे तळहातावर घेतले आणि हात पुढे केला. “लो साहेब, माताजीनो प्रसाद.”

तळव्याची कातडी सोलून निघाली होती. बोटं पिवळी, नखं काळी.

साहेबाचा हात वर आला आणि मधेच थांबला. मग त्यानं खिशातून रुमाल काढून पसरला.

“प्रसाद रुमालात?” मी म्हणाले. “हातात घ्या.”

रुमाल तसाच पसरलेला राहिला. बाईला कळलं. तिनं तळहात हळूच मागे घेतला.

मी तो धरला. त्यावरचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू? पण आता चावून खाणं भाग होतं. खाल्ला.

“ज्या हातातला प्रसाद घ्यायला तुम्ही घाबरलात,” मी त्याला म्हणाले, “तो हात उद्या सकाळी पुन्हा तुमच्या ड्रममध्ये जायचा आहे. पण मोजे येईपर्यंत तो जाणार नाही. मी सकाळी या स्टुलावर असेन.”