मोठ्या मापाचं पॅडल

माझ्या वडिलांच्या दुकानात पॅडलच्या प्रत्येक पाकिटावर माझा फोटो आहे. डोक्यावर फेटा, गळ्यात मेडल, दोन्ही हातांना निळी पॅडल बांधलेली आणि दात सगळे बाहेर. फोटोतली मुलगी नववीत आहे. आता मी त्याच वयाच्या मुलांना गणित शिकवते आणि उजव्या हातानं फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहू शकत नाही. बाई बुटक्या आहेत म्हणून खाली लिहितात, असं वर्गाला वाटतं. वाटू दे.

पॅडल म्हणजे पोहायचा सराव करताना तळहाताला बांधायची चपटी पट्टी. बदक पायाच्या पडद्यानं पाणी मागं लोटतं, तसं आपण हातानं लोटायचं. पट्टी हातापेक्षा थोडी मोठी, म्हणून पाणी जास्त धरलं जातं, अंग पुढं सरकतं आणि दंडात ताकद येते. सगळा खेळ त्या ‘थोडी’वर आहे. ते थोडं म्हणजे किती, यावरून माझं आणि पप्पांचं जे बिनसलं ते आजतागायत.

पप्पा पॅटर्नमेकर. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा झाला की आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. त्याचा वाळूत ठसा घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये पप्पा दिवसभर सागवानावर रंधा आणि पटाशी चालवायचे. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी मापापेक्षा थोडा मोठा धरतात. ही सवय त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती की आईनं पोळपाट मागितला तरी तो ओट्यावर मावायचा नाही. आणि तरुणपणी ते तालमीत होते. आमच्या गल्लीत तालमीत न गेलेला पुरुष शोधावा लागेल, पण बाकीचे तिथून बाहेर तरी आले. पप्पांनी फक्त लंगोट सोडला.

उचगावला आत्याच्या विहिरीत पाठीला डबा बांधून त्यांनीच मला ढकललं. दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला, तिसऱ्यात मी गावातल्या पोरांना मागं टाकायला लागले आणि पप्पांच्या अंगात आलं. मला शहरातल्या टँकवर घातलं. तिथल्या सरांच्या पिशवीत परदेशी पॅडलची एकच जोडी होती, मोठ्या मुलांसाठी. पप्पांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, उजेडाला धरली.

“ह्ये व्हय? ह्ये तर मी डोळं झाकून करतो की.”

आणि केलं. डोळे झाकून नव्हे, पण केलं. पहिली जोडी प्लायवूडची होती. ती आठवड्यात फुगली आणि पापडासारखी सुटली. मग त्यांनी पाणी साठवायचं एक निळं प्लास्टिकचं बॅरल फोडलं. बॅरलला मुळातच बाक असतो. तो तुकडा कापून, कडा कानशीनं मारून, तळहातावर ठेवला तर जणू हातासाठीच वाकवलेला. पट्ट्यांना सायकलची ट्यूब. एक पट्टा मधल्या बोटाला, एक मनगटाला.

तो काळ चांगला होता, हे मला सांगायलाच हवं. नाहीतर पुढचा राग खोटा वाटेल. पहाटे टँकवर पोहायचं, आणि पाण्याबाहेर आले की काठावर उकिडवे बसलेले पप्पा विचारायचे, “कुठं वडतंय?” मी सांगायचे, करंगळीच्या बाजूनं पाणी निसटतंय, किंवा हात वर काढताना पॅडल चिकटून बसतंय. शाळा सुटून शेडवर जावं तर ती कड घासलेली असायची, चिकटू नये म्हणून मधे भोकं पाडलेली असायची. भोकं पाडायची कल्पना माझी. पप्पांनी ती सगळ्या उद्यमनगरात सांगितली. “पोरीचं डोस्कं बघा,” म्हणायचे. मला आयुष्यात पुढं पदवी मिळाली, नोकरी मिळाली, पण तसं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

मग तालीम जागी झाली. तालमीत करेला फिरवतात, म्हणजे जाड लाकडी गदाच म्हणा. तो पेलायला लागला की वस्ताद त्याहून जड हातात देतो. जोरांचंही तेच, आजच्यापेक्षा उद्या जास्त. अंग आंबलं, मोडून आलं, तरच ते बनतं. पप्पांना यापलीकडचा व्यायाम माहीतच नव्हता. पॅडल त्यांच्या लेखी पाण्यातला करेला झाला. एक जोडी मला सोपी गेली की दुसरी तिच्याहून बोटभर रुंद. ती पेलली की आणखी रुंद. सर एकदा बिचकत म्हणाले, “मुलीच्या हाताला जरा मोठं होतंय.” पप्पा हसले. “सर, कोल्हापूरची पोरगी हाय. जगात भारी.” सर दुसऱ्या जिल्ह्यातले होते. या वाक्यापुढं काय बोलायचं हे त्यांना कळलं नाही. आम्हाला तरी कुठं कळतं!

आठवीच्या उन्हाळ्यात एकदा माझा मनगटाचा पट्टा पाण्यातच तुटला. नुसत्या बोटाच्या पट्ट्यावर पोहत राहिले, तर एक गंमत झाली. हात पाण्यात सरळ गेला की पॅडल तळव्याला चिकटून राहायचं. हात जरा तिरका पडला, अंगठा आधी घुसला, की पाणी खालून शिरायचं आणि पॅडल निघून जायचं. म्हणजे पॅडलच सांगत होतं, हे चुकलं. मी काठावर आले ती ओरडतच आले. हा पट्टा नकोच! मनगटाला बांधलं नाही तर चूक आपोआप कळते, आणि चुकलेल्या हातानं जोर लावताच येत नाही.

पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळी जोडी हातात आली, तर मनगटाला दोन पट्टे होते.

“निसटतंय म्हंजे पकड ढिली हाय,” ते म्हणाले. “पकड सोडली की कुस्ती गेली.”

मी वाद घातला. आईनं जेवायला हाक मारली आणि वाद संपला. आमच्या घरात सगळे वाद असेच संपायचे, पप्पा जिंकलेल्या ठिकाणी.

त्या पावसाळ्यात खांदा दुखायला लागला. आधी पोहताना, मग वही काढताना, मग उशीवर कूस बदलताना. मी सांगितलं. पप्पांचा चेहरा उजळला. “दुखतंय म्हंजे लागू पडतंय!” त्यांनी स्वतःच्या हातानं तेल लावून रगडलं, आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप घातला, आणि सकाळी दोन्ही पट्टे आवळून बांधले. टँकवर मी हात टाकायचे, तो तिरका पडायचा, पॅडल मात्र जागचं हलायचं नाही. सुपाएवढं पाणी त्या तिरक्या हातानं ओढायचे. काठावरून आवाज यायचा, “वड! वड की!” मी ओढायचे. नाही कशाला म्हणू, माझा वेळ खरंच कमी होत होता.

नववीत राज्य पातळीवर मेडल मिळालं. गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला, त्यावर माझ्यापेक्षा पप्पांचा फोटो मोठा. हलगी वाजली, फेटा बांधला, पाकिटावरचा तो फोटो तेव्हाचाच. हात वर करायला सांगितले तेव्हा उजवा हात मी डाव्या हातानं उचलून धरला होता. फोटोत ते आनंदानं हात जोडल्यासारखं दिसतं.

दहावीत मी टँकवर गेले नाही. खांद्यातली स्नायूची दोरी झिजून फाटली होती. डॉक्टरांनी विचारलं, “काय जड उचलत होता का?”

“काय न्हाय,” पप्पा म्हणाले. “पाणी.”

ऑपरेशन झालं, हात कानाच्या पातळीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. पण त्या एका मेडलमुळं पप्पांची पॅडल मागायला माणसं यायला लागली होती. इचलकरंजी, सांगली, थेट कर्नाटकातून. पप्पांनी स्वतःच सागवानात पॅटर्न घडवला, त्यावरून प्लास्टिकचा साचा करून घेतला आणि शेडच्या पुढच्या बाजूला दुकान काढलं. लहान, मधलं, मोठं अशी तीन मापं, आणि मनगटाला दोन पट्टे.

मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. खांदा या पॅडलनं गेला, एवढं त्यांनी एकदा म्हणावं. माफी नको, रडणं नको. नुसतं म्हणावं. लग्न होऊन कळंब्याला गेले तरी मी रविवारी माहेरी यायचे आणि काही ना काही निमित्तानं विषय काढायचे. पप्पांचं उत्तर ठरलेलं. “खांदा तुझ्या आईकडनं आलाय. त्येंच्यात हाडं नाजूक.” यावर गगनबावडा माहेर असलेली माझी आई स्वयंपाकघरातूनच फणकारायची, “व्हय, आमच्यात बायका पावसात भाताचं भारं डोक्यावर घिऊन घाट चढत्यात, नाजूक हाडांनी!” सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि घरी जाईपर्यंत माझा जबडा दुखायचा.

गेल्या महिन्यातल्या रविवारी मी दुकानात होते. एक माणूस मुलीला घेऊन आला. पप्पांनी “या पावणं, बसा” म्हणून खुर्ची दिली. मुलगी सहावी-सातवीतली, ओले केस, काटकुळे दंड. माणसानं पाकीट बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

“ताई, ह्या तुमीच की! आता तुमीच सांगा, हिला कुठलं माप घिऊ?”

मी सांगितलं. पप्पा समोर बसलेले असताना, आवाज न चढवता, सगळं सांगितलं. पॅडल तळहातापेक्षा अगदी किंचित मोठं हवं, मनगटाचे पट्टे कापून टाका, दुखलं की त्याच दिवशी थांबवा. मोठ्या मापानं माझं काय झालं तेही सांगितलं. आणि दाखवलंही. उजवा हात वर नेला, कानाशी तो अडला. मुलगी माझ्या हाताकडं बघतच राहिली. पप्पा काउंटरवरची धूळ पुसत होते. इतक्या वर्षांत मी हे परक्या माणसापुढं कधी बोलले नव्हते, आणि आता पप्पांना बोलावंच लागेल, असं मला वाटलं.

माणूस विचारात पडला. “वाईट झालं ओ,” म्हणाला. खरंच त्याला वाईट वाटलं होतं. मग दबकत त्यानं विचारलं, “पर ताई, मेडल ह्येच मोठं माप वापरून मिळालं न्हवं?”

खोटं बोलायला हवं होतं. मला जमलं नाही. मी म्हटलं, “हो.”

“मग मोठंच द्या, मामा.”

पप्पांनी मोठ्या मापाची जोडी काढून दिली. मुलीनं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलं, मोटरसायकल सुरू झाली, आणि दुकानात आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं होतं पप्पा भडकतील, गिऱ्हाइकासमोर अब्रू काढली म्हणून. ते भडकले नाहीत. उरलेली पाकिटं फळीवर नीट रचत, माझ्याकडं पाठ करून म्हणाले,

“मला काय म्हायत न्हाय व्हय? तू केस इंचरून घ्यायला आईम्होरं बसाय लागलीस, तवाच कळलंतं मला.”

दुसरीपासून मी माझी वेणी मीच घालत होते. नववीच्या दिवाळीनंतर ती आईकडून घालून घ्यायला लागले. मेडलच्या आधी. हात डोक्यामागं जात नाही म्हणून, हे कुणाच्या लक्षात आलं असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. आईच्याही आलं नव्हतं.

“मग थांबवलं का नाही?” मी विचारलं.

“स्टेट तोंडावर आलतं की,” ते म्हणाले. मग वळले, आणि जणू माझीच बाजू घेतल्यासारखं म्हणाले, “आन् थांबली असतीस व्हय तू?”

मी चौदा वर्षांची होते. ‘उद्यापासून टँकवर जायचं न्हाय’ एवढं पप्पा म्हणाले असते तर मी रडले असते, एक वेळ जेवले नसते, आणि थांबले असते.