मालकांच्या हाती बंद पडणारी गाडी

त्या साली आमच्या घरात कुणाचा कुणावर विश्वास उरला नव्हता, आणि सगळ्याचं मूळ होता एक ट्रक. लढाईच्या काळातलं, पेट्रोलवर चालणारं अवजड धूड. सोलापुरातल्या बाकीच्यांनी केव्हाच डिझेलच्या गाड्या घेतल्या होत्या, पण आमचे मालक त्या म्हातारीला सोडायला तयार नव्हते. मालक म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच.

तर ही गाडी उभी राहिली की बंद पडायची. म्हणजे मालक म्हणायचे की पडते. गाडी थांबली तरी इंजिन मंद फिरत राहायला हवं, त्याला मिस्त्री लोक ‘स्लो’ म्हणतात. तो स्लो टिकत नाही, ही त्यांची तक्रार. आणि गंमत अशी की, माझा धाकटा भाऊ तीच गाडी चालवायचा, तेव्हा ती एकदाही बंद पडत नव्हती. भावाला मीच माढ्याहून आणलं होतं. गावी त्याला ना जमीन, ना आईबाप. मालकांनी त्याला हाताखाली घेतलं, गाडी शिकवली, आणि आता त्याच्यावरच डोळे वटारत होते.

“तुज्या भावाच्या हातात चालती अन् माज्या हातात मरती. पाणी कुटंतरी मुरतंय.”

“मुरतंय तर कार्बोरेटरात मुरत आसंल,” मी म्हणायची. “मिस्त्रीला विचारा की.”

मिस्त्री बिचारा थकला. त्यानं कार्बोरेटर उघडला, जेट फुंकून साफ केले, गास्केट बदललं, पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलंय का ते बोटावर घेऊन बघितलं. शेवटी त्यानं स्लो असा काही बसवला, की बॉनेटवर पाण्याचा तांब्या ठेवला तरी थेंब सांडेना. “वहिनी, गाडीत कायबी खोट न्हाय,” म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवसापासून गाडी मालकांच्या हातात जास्तच बंद पडायला लागली! आता मलाही संशय यायला लागला. मिस्त्रीचा, पंपवाल्याचा, खोटं कशाला बोलू, पाठच्या भावाचासुद्धा.

मी पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि स्लोच्या स्क्रूवर बारीक रेघ ओढून ठेवली. संध्याकाळी बघते तर रेघ मोडलेली. भावाला कोपऱ्यात घेतलं.

“आक्का, दाजीच सकाळी स्क्रू पिळून इंजन मोठ्यानं फिरवत्यात. पेट्रोल लई पितीय म्हणून मी परत कमी करतो. मी काय चोर हाय व्हय?”

तेवढ्यात मालक दारात. “काय कुजबुज चाललीय?” हे त्यांचं हल्लीचं पालुपद झालं होतं. दोघं बोलताना दिसलो की कुजबुज. अहो, मी आणि कुजबुज! माझा आवाज तीन घरं पलीकडं जातो.

शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. “उद्या बार्शीची ज्वारी भरायची हाय. तू माज्याशेजारी बस अन् तुज्या डोळ्यांनी बघ. येताना जकात नाक्यावर गाडी मेली, तर तुज्या भावाला तितनंच माढ्याची यष्टी धरायला लावतो.”

मी गेले. माल भरून परत निघालो तेव्हा भाऊ वर पोत्यांवर बसला होता, तोंड एवढंसं करून. सोलापूरच्या जकात नाक्यावर गाड्यांची रांग होती. मालकांनी गाडी थांबवली. मी देवाचा धावा करत समोरच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा थरथरत होता. पलीकडच्या खोलीत कुणी जातं ओढावं, तसा बारीक आवाज येत होता. माझा जीव भांड्यात पडला.

“मेली!” मालक ओरडले. “बगितलंस?” आणि त्यांनी पायाखालचं स्टार्टरचं बटण दाबलं. चालू इंजिनावर स्टार्टर! असा खरखराट झाला की माझे दात आंबले.

“दाजी, चालू हाय गाडी!” वरून भाऊ टप बडवत ओरडला.

“अवो, चालू हाय की!” मी म्हणाले. ते समोरच बघत होते. मागच्या ट्रकनं लांबलचक भोंगा वाजवला. त्यांनी मान वळवली नाही.

मी तोंड खिडकीकडं केलं, पदर ओठांवर धरला आणि त्यांचं नाव घेतलं. अख्खं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, मोठ्यानं. खाली चहा विकणारा माझ्याकडं बघायला लागला. मालकांनी बघितलं नाही. मी पुन्हा घेतलं, अरेतुरे करून.

हा माणूस रोज होटगीचं रेल्वेफाटक ओलांडत होता, आगगाडीची शिट्टी ऐकू न येता. मला रडू फुटलं.

“भावासाठी रडतीस व्हय?” ते म्हणाले.

मी त्यांचा हात स्टेरिंगवरून ओढला आणि पत्र्यावर दाबून धरला. ते हिसका देणार होते, मग थांबले. हात उचलला, परत ठेवला. त्यांचा राग उतरला, आणि त्या जागी जे आलं ते मला बघवेना.

“कवापासनं चालू हाय?” त्यांनी माझ्या तोंडाकडं बघत विचारलं.

“बंद पडलीच न्हवती,” मी सावकाश म्हणाले. “कंदीच.”

मागं भोंग्यांचा गलका उडाला होता.

“बोलव त्येला खाली,” म्हणाले, आणि दार उघडून उतरले. भाऊ घाबरतच आला. मालकांनी त्याला स्टेरिंगकडं बोट दाखवलं आणि वळसा घालून माझ्या बाजूला येऊन बसले. भाऊ काही विचारणार होता, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

गाडी निघाली. घर येईपर्यंत ती जिथं जिथं थांबली, तिथं त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी दर वेळी मान हलवली. चालू हाय.