दुसरा माणूस

मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर म्हशीचं दूध समोर धार काढून देतात. ते प्यायला आम्ही संध्याकाळी जमतो. एकदा तिथं दोन वैमानिक आले, युनिफॉर्मात, एकाच मोपेडवरून. थोरल्यानं टोपी माझ्या शेजारी ठेवली आणि दुधाची मिशी न पुसताच भांडण पुढं चालू केलं.

त्यांच्या युनियनचा कंपनीशी करार व्हायचा होता. धाकटा म्हणाला, "सर, पगारवाढ घ्या आणि सही करून मोकळे व्हा. सगळं मशीनच करतंय. उद्या एकच पायलट विमान नेईल."

"कॉकपिटात दोन माणसं, हे लेखी पायजे म्हंजे पायजे!" थोरला गरजला. म्हैस दचकली.

"पावणं, हळू," गवळी म्हणाला. "पान्हा चोरंल की ती."

"मग जातो मी एकटाच," म्हणत धाकट्यानं रागारागात मोपेड काढली. तोच सगळा कट्टा ओरडला, "ओ पावणं, स्टँड!"

साइड स्टँड खालीच होता. मोपेड थांबली. थोरला सावकाश चालत गेला, पायानं स्टँड वर केला आणि म्हणाला, "दुसरा माणूस ह्याच्यासाठी लागतोय, कळलं न्हवं?" मग ऐटीत मागं बसला.

मोपेड वळणावर पोचली, तेव्हा मला टोपी दिसली. ती घेऊन ओरडत मी मागं धावलो. करारात तिसऱ्या माणसाचंही कलम हवं, असं मला पळता पळता वाटलं.