बॅटच्या लाकडातली सिगारेट

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि मी सुतारकाम शिकले. या दोन गोष्टींचा संबंध ज्याला त्याला समजावत बसायचा मला कंटाळा यायचा, म्हणून ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या ओळखीच्यांना मी ‘हॉबी आहे’ एवढंच सांगत असे. इथे हॉबी म्हटलं की पुढे कोणी खोदून विचारत नाही.

संबंध तसा साधा होता. नवरा तेल कंपनीत पाइपलाइनचा इंजिनियर आणि कॉलेजपासून सिगारेट ओढणारा. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, की ही सुटली नाही तर पुढच्या वेळी आपल्या हातात काही असेलच असं नाही. मी मान डोलावली. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि बाराही वर्षं मी सिगारेटवरून त्याच्याशी भांडत आले होते. हळू आवाजात नाही. पाकिटं कमोडमध्ये टाकून, एकदा तर गाडी फ्रीवेच्या कडेला थांबवायला लावून. आम्हा नागपूरकरांचं ओरडणं मोकळंढाकळं असतं. तो पुण्याचा. तो सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा, खिडकी उघडायचा आणि विचारायचा, “झालं?” की मी परत सुरू. आमच्याकडे पाहुणे आले आणि भांडण झालं नाही, तर पाहुण्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं.

हॉस्पिटलमधून आल्यावर माझं ओरडणं बंद झालं. ठरवून नाही. तो आत होता तेव्हा वेटिंग रूममध्ये मला काहीच वाटलं नव्हतं. व्हेंडिंग मशीनमध्ये चिप्सच्या पाकिटांच्या मध्ये शेंगदाण्याचं एक पाकीट चुकून लागलं होतं, ते मी बघत बसले होते. घरी गेल्यावर वाटेल, असं मनाशी म्हटलं. घरी आल्यावरही तसंच. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. शेजारच्या गल्लीतल्या काकू कढी आणि खिचडी घेऊन आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, “किती खंबीर आहेस गं! मी असते तर कोसळलेच असते.” मी खंबीर नव्हते, बधिर होते. पण कढी आणून देणाऱ्या बाईच्या चुका कुठे काढायच्या.

जूनमध्ये तो मॉलमधल्या एका स्टॉलवरून इलेक्ट्रॉनिक सिगारेट घेऊन आला. तेव्हा ती नवीनच निघाली होती. पांढरी प्लास्टिकची नळी, टोकाला लाल दिवा, ओढली की धुराऐवजी वाफ. डॉक्टर म्हणाले की याच्याबद्दल अजून कोणालाच काही धड माहीत नाही, सरळ सोडून द्या. सरळ सोडणं त्याला जमत नव्हतं. निदान जळता धूर तरी छातीत जात नाही, असं आम्हीच ठरवून टाकलं. अडचण एकच होती. सकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी जेवायच्या आधीच बसायची, आणि मग हा ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये बाकीच्या ओढणाऱ्यांच्या घोळक्यात.

“लंचपर्यंतही टिकत नाही यार,” त्याने स्वतःहून सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिला. “दोन ओढल्या आज. खऱ्या.”

एप्रिलच्या आधीची मी असते तर काकूंच्या घरापर्यंत ऐकू गेलं असतं. मी म्हटलं, “दे इकडे, बघते.”

लग्नाआधी मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लॅब घ्यायचे. अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसाला लटकून, नोकरीची परवानगी नसलेली, त्यामुळे ते सगळं ज्ञान डोक्यात गंजत पडलं होतं. ती नळी उघडली तर आत पहिल्या टर्मचं प्रॅक्टिकल निघालं. बॅटरी, तापणारी तार, मध्ये एक छोटी चिप. मोठी बॅटरी घातली, चिप काढून टाकली आणि साधं बटण ठेवलं, की झालं. दाबलं की चालू, सोडलं की बंद. फक्त मोठी बॅटरी ठेवायला मोठं घर हवं, आणि ते मी लाकडाचं करायचं ठरवलं, कारण लाकडातून करंट जात नाही.

गॅरेजमध्ये नवऱ्याचं ड्रिल मशीन होतं. मी त्याला हात लावला नाही. एका गॅरेज सेलमधून करवत, पटाशी, दोन कानशी आणि हाताने फिरवायचं गिरमिट आणलं. मशीनने पाच मिनिटांत भोक पडतं, आणि मग उरलेल्या दुपारचं काय करायचं? गिरमिटाने अख्खी दुपार जाते. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून मी घामाने निथळत एका भोकाशी बसायचे. डोक्यात काही यायचं नाही. तेच हवं होतं.

पहिलं केलं ते अंगणातल्या पीकानच्या, म्हणजे इथल्या अक्रोडासारख्या झाडाच्या फांदीचं. छान गुळगुळीत झालं, चार दिवसांनी ताडकन तडकलं. दुसरंही तडकलं. ओलं लाकूड वाळताना फाटतं, हे मला कोण सांगणार? मी विजेची बाई. शेवटी जुन्या सामानाच्या दुकानात एक बेसबॉलची बॅट मिळाली, वर्षानुवर्षं वाळलेली. तिची मूठ सोडून वरचा भाग कापला. मध्ये बॅटरीची पोकळी कोरली, पितळी स्क्रूची दोन टोकं दिली, बटणाखाली बॉलपेनची स्प्रिंग घातली आणि वरती दुकानातल्या सिगारेटचं तापणारं टोक बसवलं. कानशीने कडा मोडल्या, पॉलिशपेपर मारला, खोबरेल तेल चोळलं. मुठीत बरोबर बसत होतं.

“ए, मस्त आहे गं,” तो म्हणाला. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी हात धुवायला गेले.

बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरू लागली. सप्टेंबरच्या वादळात सगळ्या कॉलनीचे दिवे गेले, फ्रीजमधलं सगळं नासलं, तरी गाडीत चार्ज करून त्याची वाफ चालू होती. काकूंना मी सांगितलं, सुटली. त्यांनी देवापुढे पेढा ठेवला.

पुढच्याच आठवड्यात दुपारी त्याचा फोन आला. “छातीत गरम होतंय. डाव्या बाजूला. खूप. मी नाइन-वन-वन करतोय, तू—”

“शर्टाच्या खिशात आहे का ते?” मी विचारलं.

“काय?”

“लाकडाचं. बटण अडकलं असेल. खिशातून काढ, बॅटरी बाहेर काढ.”

पलीकडे खसफस झाली, काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. “हो,” तो म्हणाला. “तेच होतं.” मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि हातातलं काम पुढे चालू केलं. संध्याकाळी मी स्प्रिंग बदलली आणि बटणाभोवती लाकडाची कड ठेवली, म्हणजे ते आपोआप दाबलं जाणार नाही. दोष माझ्या कामातला होता, तो मी दुरुस्त केला. नवरा मरतोय असं त्याला वाटलं होतं, आणि मी त्याला बॅटरी काढायला सांगितली होती, याचं मला काही वाटलं नाही. वाटायला हवं, हे कळत होतं.

दिवाळीच्या पॉटलकला, सगळे आपापला डबा घेऊन जमले असताना, त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. “बायको असावी तर अशी! हार्ट अटॅक फोनवर डायग्नोस, फोनवरच ट्रीटमेंट!” सगळे पोट धरून हसले. तोही हसला, पण हसताना तो माझ्याकडेच बघत होता.

त्यानंतर घरात पुन्हा वास येऊ लागला. आधी जॅकेटला, मग गाडीत, मग थेट बाथरूममध्ये. पूर्वी तो च्युइंगगम खाऊन, हात धुऊन यायचा. आता काहीच लपवत नव्हता. पाकीट किचनच्या ओट्यावर, लायटर डायनिंग टेबलवर. मला वाटलं, निकोटिन कमी पडत असेल, किंवा बॅटरी. मी आणखी मोठ्या बॅटरीचं नवीन घर कोरायला घेतलं.

एका रविवारी भर दुपारी मी कचरा टाकायला मागच्या अंगणात गेले. एसीच्या डब्याशेजारी तो उभा होता, हातात जळती सिगारेट. मला बघून त्याने हात मागे नेला नाही. तोंडालाही लावली नाही. नुसती धरून उभा होता.

“बॅटरी उतरली का?” मी विचारलं.

त्याने दुसऱ्या हाताने खिशातून लाकडाचं काढून दाखवलं. “नाही. फुल आहे.”

“मग?”

“आठवडा झाला, मी तुझ्यासमोर ओढतोय,” तो म्हणाला. “एकदा तरी ओरड गं. प्लीज. काहीही बोल. मी लगेच टाकतो.”

सिगारेटवर बोटभर राख जमली होती. मी पिशवी खाली ठेवली. ओरडायचं म्हणून खरोखर मनाची तयारी केली, छातीत हवा भरून घेतली. हा माणूस मरू शकतो, असं स्वतःला बजावलं. “टाक ती आधी,” मी म्हटलं. आवाज चढवून बघितला, चढला नाही. दूध आणायला सांगावं तसे शब्द निघाले.

तरीही त्याने सिगारेट बुटाखाली विझवली, नीट, पूर्ण विझेपर्यंत. मग दुकानातल्या बाईला म्हणतात तसं मला ‘थँक यू’ म्हणाला आणि आत गेला.