चांगल्या खेळाडूला बाहेर बसवणाऱ्या यमुनाताई

यमुनाताई भोयेंनी मला मदत केली, हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो. काय झालं ते मागाहून. कारण ते सांगताना मी त्यांच्यावर घेतलेला संशयच जास्त दिसेल, आणि वाचणाऱ्याने तेवढाच धरून बसू नये.

ताई पोशेऱ्याच्या. मोखाड्यात आमच्या मालकाचं पाण्याच्या टँकरचं ऑफिस आहे, तिथे त्या कॉम्प्युटरवर बसायच्या आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कापणी झालेल्या भाताच्या खाचरात. तेच त्यांचं मैदान. सुमन नावाची एक मुलगी सगळ्यांना चुकवून पुढे निघाली होती. ताईंनी शिट्टी मारली आणि नेमकं तिलाच बाहेर बोलावून शेजारी बसवलं. ती दमली नव्हती, चुकलीही नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, "चांगली खेळते, म्हणून काढली." मनात म्हटलं, या बाईपासून जपून राहावं.

मी जतकडचा. आठवीत शाळा सोडली, टँकरवर क्लीनर म्हणून लागलो आणि कामाच्या मागे इतका लांब आलो. पाच उन्हाळ्यांत ऑफिसात बसून टँकरच्या खेपा लावणारा माणूस झालो. कुठल्या पाड्यावर टँकर वळतो, कुठे उलटा न्यावा लागतो, कुठे बाया सकाळी लाकडाला जातात म्हणून दुपारीच जायचं, हे सगळं माझ्या डोक्यात. मालक म्हणायचा, दत्ता नसला तर अख्खं सूर्यमाळ गाव तहानेने मरेल. ऐकून बरं वाटायचं. आठवीतून घरी बसलेल्याला दुसरं कोण ठेवणार?

मग नाशिकहून इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस आला. आमच्या सगळ्या खेपा आता क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या लांबच्या कॉम्प्युटरांवर, ठेवायच्या म्हणाला, आणि त्याचे फायदे तासभर सांगत बसला. मालक मान हलवत होता, म्हणजे त्यालाही कळत नव्हतं. शेवटी ताईच बोलल्या.

"माझी टीम बगा. पक्क्या पोरी पाच. दिवाळी झाली का निम्म्या आईबापासंगं वीटभट्टीवर जातात. मंग मॅच आली का ज्या पाड्यावर पोरी असतील तिथून मागवायच्या. मॅच झाली, त्या घरी. बारा महिने बावीस पोरी मी कुठं सांभाळू? आन् परतेक पोरीला दोन जागा शिकवलेल्या. एक गेली तं दुसरी उभी राहते. तसाच हा क्लाउड. लागंल तेवढा घ्यायचा, नको तवा सोडायचा. आन् एकाला म्हाईत तं सगळ्यांना म्हाईत."

तो माणूस म्हणाला, मॅडम, पुढच्या ठिकाणी मी हेच सांगणार. मालक खूश झाला. एक गेली तर दुसरी उभी राहते, यातली 'एक' कोण ते मला मात्र लगेच कळलं. आमचा सोमा ड्रायव्हर म्हणालाच, "दत्ता, आता मोबाईलच पाइप धरंल. तू गावाला जा, शेळ्या राख." सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ताई रोज मला चहा पाजू लागल्या. चहा घेता घेता दोन पाड्यांची माहिती विचारायच्या आणि टाइप करायच्या. एवढा चहा कोणी उगाच पाजत नाही, हे मला कळत होतं. मी रस्ते सांगितले, वेळा सांगितल्या, पण खऱ्या खुणा ठेवून घेतल्या. सूर्यमाळच्या एका पाड्यावरची विहीर फुटकी आहे. तिच्यात पाणी ओतलं तर संध्याकाळपर्यंत जिरून जातं, म्हणून शाळेमागच्या टाकीत ओतावं लागतं. ड्रायव्हर सारखे बदलायचे, त्यामुळे हे आमच्यात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी ते सांगितलं नाही.

त्या हंगामात ताईंची टीम जव्हारला शेवटच्या सामन्यापर्यंत गेली. मीही बघायला गेलो. सुमन तेव्हा वीटभट्टीवर होती आणि तिच्या जागेवर खेळणाऱ्या मुलीने दोन गोल मारले. लोक नाचत होते. सुमनचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. माझ्या संशयाला पुरावा मिळाला.

ऐन एप्रिलमध्ये भर दुपारी बहिणीचा फोन आला. बापाला लकवा मारला होता, मिरजेला नेत होते. मी फोन खिशात घातला आणि पुढच्या खेपा लिहीत बसलो. न सांगता गेलो तर सूर्यमाळचा तो पाडा कोरडा राहणार, सांगून गेलो तर माझी गरजच संपणार. ताईंनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं. मी बापाचं सांगितलं आणि म्हणालो, मला जाता येणार नाही.

त्या म्हणाल्या, "जी पोर मला भाएर काढता येत नाय, ती ताप असला तरी खेळते, दत्ताभाऊ. तिला घर नसतां. सुमन भट्टीवरून आली का तिची जागा तिलाच हाय. सूर्यमाळच्या त्या पाड्यावर पाणी कुठं वतायचा, त्याचा अजून सांगितला नाय तू. सांग, आन् नीघ."

म्हणजे मी लपवतोय हे त्यांना ठाऊक होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, त्या टाइप करत गेल्या, आणि सोमाने मला नाशिकच्या गाडीत बसवून दिलं.

बाप अकरा दिवस जगला. पहिले चार दिवस बोलत होता. टँकर कुठे कुठे जातो ते विचारायचा, मी एकेक पाडा सांगायचो. इकडे मोखाड्यात त्या अकरा दिवसांत एकही पाडा कोरडा राहिला नाही.

दिवस घालून परत आलो तर माझी खुर्ची रिकामी होती. मी परत कामावर बसण्याला कुणी हरकत घेतली नाही, याचाच मला संशय आला. पाऊस लागल्यावर मालकाने ताईंना सांगितलं की आता सगळं मोबाईलवरच दिसतं, ऑफिसात बसायला माणूस लागत नाही. त्या डबा आणि छत्री घेऊन निघून गेल्या.

नंतर सोमाने सांगितलं, की मी गावाला असताना मालक म्हणाला होता, दत्तावाचून चाललं की, मग त्याला कशाला ठेवायचा? त्यावर ताई म्हणाल्या, रस्ते दर पावसात बदलतात, नवे कोण सांगणार? माणूस कमी करायचाच असेल तर टाइप करणारा करा, म्हणजे मला. सोमाने हे दारातून ऐकलं. इंजिन चालू होतं, नीट ऐकलं नाही, असंही तोच म्हणतो.

मी पोशेऱ्याला जाऊन ताईंना विचारलं. त्या खाचरात वाकून भात लावत होत्या. म्हणाल्या, "लावणी आली होती माझी, कशी बसू ऑफिसात?" आणि माझ्या हातात एक मूठ रोपं दिली. चिखलात पाय घालून मीही लावत बसलो. त्या खरं बोलल्या की खोटं, मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मालक जव्हारला दुसरं ऑफिस काढतोय आणि ते मी बघावं म्हणतोय. मालकासमोर माझी जीभ वळत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण ताई तिथे असतील तरच मी जाईन, असं मी त्याला सांगणार आहे. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी. कधीतरी सांगणारच.