थोडक्यात हुकलेला नंबर

दहावीच्या वर्षी दर शनिवारी शेवटच्या तासाला आमचे गणिताचे सर पुस्तक बाजूला ठेवायचे आणि वर्गाला विचारायचे, "पुढं काय?" आमचं गाव परतूर तालुक्यातलं, आष्टीच्या बाजारापासून तासाभराच्या चालीवर. नव्वद साल अजून उजाडायचं होतं. पोरांचं पुढं म्हणजे शेत, पोरींचं पुढं म्हणजे लग्न, एवढंच आम्हाला ठाऊक. सर मात्र औरंगाबादहून माहितीपत्रकं आणायचे. आयटीआय, नर्सिंग, डी.एड., पॉलिटेक्निक. मग एकेकाला बाहेर व्हरांड्यात बोलवायचे आणि म्हणायचे, "इथं बोललेलं कुणाला कळणार न्हाई. मोकळं बोल."

माझी पाळी आली तेव्हा मी घरात कुणालाही न सांगितलेलं बोलले. आमच्या शिवारात कालव्याची मोजणी करायला माणसं आल्ती. त्यांच्यातल्या एकानं मला तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाहू दिलं होतं. लांब धरलेली पट्टी तिच्यात उलटी दिसायची आणि तो माणूस ते उलटे आकडे भराभर वाचून वहीत उतरवायचा. मला ते काम करायचं होतं.

सर हसले नाहीत. "औरंगाबादच्या पॉलिटेक्निकला सिव्हिलचा डिप्लोमा," ते म्हणाले. "मुलींचं होस्टेल आहे तिथं. मार्क पाड, बाकीचं मी बघतो."

मी शाळेत पहिली आले. सर घरी आले, दादांना सगळं समजावून सांगितलं. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. दादा म्हणाले, "तुम्ही म्हणताल तसं, सर." मला घेऊन परतूरला गेले, फोटो काढला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला दोन खेपा घातल्या. फॉर्मवर पालकाच्या सहीच्या जागी जपून, एकेक अक्षर कोरत सही केली. सर म्हणाले, "मी औरंगाबादला चाललोच आहे, देतो नेऊन." मी तो फॉर्म दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला.

वीस-पंचवीस दिवसांनी सरांनी मला शाळेत बोलावलं. "यादी बघून आलो, बेटा. तुझा नंबर हुकला. अगदी थोडक्यात."

मी रडत घरी आले. दादांनी डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. नशीब एकेकाचं." त्या दिवशी ते जेवले नाहीत. माझ्या दुःखानं जेवले नाहीत असं मला वाटलं, आणि मलाच त्यांची कीव आली. मी अकरावीला आर्ट्सला नाव घातलं आणि आष्टीला पायी जाऊ लागले.

दिवाळीत आमच्या वर्गातला एक मुलगा गावी आला. त्याला पॉलिटेक्निक मिळालं होतं, मार्क माझ्यापेक्षा कमी असून. मी त्याला वाटेत गाठलं.

"तू फॉर्मच न्हाई भरला का?" त्यानंच मला विचारलं.

"भरला की. नंबर हुकला."

"यादीत सगळ्यांचं नाव ऱ्हातंय, लागलेल्याचं बी आन् न लागलेल्याचं बी. मी दोनदा शोधलं तुझं. न्हवतं."

मी तशीच सरांच्या खोलीवर गेले. सर वह्या तपासत होते. मी फक्त विचारलं, "सर, माझा फॉर्म कुठंय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. "तुझे वडील आल्ते माझ्याकडं. मी निघायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, फॉर्म देऊ नका, आन् पोरीला कळू देऊ नका. तिच्या तोंडावर मला न्हाई म्हणता येईना, म्हणाले."

"मंग तुम्ही सांगायचं मला."

"मला याच गावात नोकरी करायची आहे. उद्या लोकांनी पोरींना शाळेतच पाठवलं न्हाई तर?"

"तुम्ही यादी बघून आलो म्हणलात. थोडक्यात हुकला म्हणलात."

"तुला जास्त वाईट वाटू नये म्हणून."

त्यांनी एक वेळ नुसतं हुकला म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या 'थोडक्यात'पायी मी चार महिने भूमितीचा पेपर मनात पुन्हा पुन्हा सोडवत होते. कोणत्या प्रमेयात मार्क गेले, कोणती आकृती चुकली, ते शोधत होते.

घरी दादांनी नाकारलं नाही. "औरंगाबाद काय शेजारी हाय का? काही झालं असतं मंग?" म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. मायनं भाकरी थापायची थांबवली नाही. तिलाही ठाऊक होतं. म्हणजे ते चार महिने नंबर हुकला हे खरं मानणारी घरात मी एकटीच होते.

पुढे लग्न झालं, भोकरदनकडं, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला आले. नवऱ्यानं शिकू दिलं. बी.ए., बी.एड. केलं आणि हायस्कूलला लागले. करिअर मार्गदर्शनाचा तास कुणालाच नको होता, तो माझ्याकडं आला. मी मुलांचा फॉर्म कधी हातात ठेवून घेत नाही. वाचून देते, चुका दाखवते. पाकिटावर पत्ता त्यांनीच लिहायचा आणि पोस्टात त्यांनीच जायचं. सरांच्या निरोप समारंभाचं बोलावणं आलं होतं. गेले नाही.

दोन हजार साल उलटल्यावर दादा काही दिवस माझ्याकडं राहायला आले. एकदा ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगत होते, "आमच्या वेळेला कोन शिकवीत व्हतं पोरीला? पन म्या शिकवली. म्हणून आज मॅडम हाय."

मी चहा घेऊन बाहेर आले होते. कप खाली ठेवले आणि म्हणाले, "दादा, माझा पॉलिटेक्निकचा फॉर्म आठवतो का?"

"आठवतो की. तुझा नंबर लागला न्हाई तिथं. लई रडलीस."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत मी नीट पाहिलं. त्यांना तसंच आठवत होतं.

"फॉर्म दिलाच नव्हता, दादा. तुम्ही सरांना देऊ नका म्हणून सांगितलं."

शेजारी उठून गेले. दादांनी उचललेला कप परत खाली ठेवला.

"म्या?" ते म्हणाले. आणि मग, खरंच दुखावल्यासारखे, "सर असं म्हणले व्हय तुला? आन् तू मानलंस?"